जास्तीचं एक वर्ष

सोमवार

चि. लांबडीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. आधी आली ती चष्मेवाली बाई, तिच्यामागून मिशाळ साहेब. अग्निशमन दलातून आलोय म्हणाले. मी म्हटलं, इथे फक्त दूध उतू गेलंय. हसले नाहीत मेले! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चहा नको म्हणाले, आणि बाई सारखी वहीत लिहीत होती. मग साहेबांनी हळूच विचारलं, नातीला शाळेत घालताना वय कुणी सांगितलं? बघ कसा खडा टाकतात! तेव्हा तुझी आई कामावर जायची आणि तू माझ्या शिलाईयंत्राच्या सुया मोडायचीस, म्हणून चार वर्षांची पोर मी पाचाची सांगून टाकली. डोक्यावरून हात नेऊन तू पलीकडचा कान असा धरलास की मास्तरांनी लगेच नाव लिहून घेतलं. आता इतक्या वर्षांनी मला पकडायला आलेत, हे मी ओळखलं. छातीठोकपणे सांगितलं, शाळेत आहे तेच वय खरं. वर सहीही केली. कशी जिरवली!

वेळेवर जेव, माया पातळ करू नकोस.

तुझी आजी

बुधवार

ती. आजीस सा. न.

अगं, काय करून बसलीस! तीस पूर्ण झालेल्यांना अग्निशमन दलाच्या भरतीत घेत नाहीत. दाखल्यावर मला तीस होऊन तीन महिने झाले, खरी मी एकोणतीसची. दाखल्यावरचं वय चुकलंय असा अर्ज मीच दिला होता, म्हणून ते तुला विचारायला आले. तू घाबरशील म्हणून कळवलं नाही, चुकलंच. शिडी, दोर, धावणं, सगळ्यात पास झालेय. अडलंय ते या एका वर्षावर. एक विचारते, रागावू नकोस. मी आगीत जाऊ नये म्हणून तर सही केली नाहीस ना?

रागाने का होईना, पण उत्तर दे.

तुझीच लांबडी

शनिवार

चि. लांबडीस आशीर्वाद आणि एक चिमटा.

माझ्यावर संशय? भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण सही केली ती मला आत टाकतील म्हणून. काल बसने त्यांच्या कचेरीत गेले. अंगणात तुझ्याएवढी एक पोरगी शिडीच्या टोकाला उभी होती. तिथूनच परत फिरावंसं वाटलं. तरी आत गेले आणि सांगितलं, खोटं मी बोलले, दोनदा बोलले, पोरीला शिक्षा नको. साहेब म्हणाले, आजी, आता तुमचं कुठलं बोलणं खरं धरू? बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, माझं धरूच नका. तुझ्या जन्माच्या वेळची नर्सबाई मागच्या गल्लीत राहते, तिने प्रत्येक बाळंतपण तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय. वही ती कुणाच्या हातात देत नाही, तिचाही जगावर विश्वास नाही! म्हणून वहीसकट तिलाच माझ्याकडे बसवणार आहे. तुझी तारीख मी डोळ्यांनी बघून आले. एकोणतीसच भरतात.

शिडीवर दोन्ही हातांनी धरत जा. माझ्यावरचा राग गेला असेल तर माया पाठव.

तुझी आजी

ता. क. मिशाळ साहेब आणि चष्मेवाली, दोघंही गुरुवारी अकराला वही बघायला येतो म्हणालेत.