गाळलेली नावं

३ नोव्हेंबर, सोमवार
कोल्हापूर गाठलं एकदाचं. नेसरीत बसून फोनवर मुलाखत दिलती, तेव्हा बायको म्हणालती, हे काय खरं न्हाय. आता बोल म्हणावं, शिवांजली. छोटी कंपनी आहे, लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. मालक अमरसिंहदादा आवाजानं दांडगे, मनानं मोकळे. चहा करणाऱ्या म्हाताऱ्या शालूबाईंनी आल्या आल्या मोठा कप हातात दिला आणि घरचे जेवू घालतात का न्हाय म्हणून फैलावर घेतलं.

काम सोपं. इंटरनेटवर प्रत्येक नावाला एक पत्ता लागतो. इथं ती नावं आणि पत्ते साध्या फायलींत लिहून ठेवलेत. झोन फाईल म्हणतात त्यांना. त्या वाचून सगळं डेटाबेसात भरणारा प्रोग्रॅम लिहायचा. झालं की नोकरी पक्की. मग उचगावात खोली घेतो आणि शिवांजलीला, मोनाला घेऊन येतो. पोरगी लहान आहे, बाप फोनमध्येच राहतो असं तिला वाटायला नको.

४ नोव्हेंबर
या फायली लिहिणारा सयाजी आता हयात नाही. लई हौशी गडी असणार. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या नावानं त्यानं नोंद केलीय, शालूबाईंच्यासुद्धा. त्यांच्याकडं कुठला आलाय कॉम्प्युटर. दादांनी तीच रीत चालू ठेवलीय. काल माझं नाव, शशिधर, स्वतः फायलीत घातलं आणि पेढा दिला. जगानं ते नाव किती काळ लक्षात ठेवायचं, तेही शेजारी लिहिलेलं असतं. शालूबाईंचं एक दिवस, माझं तीन.

दादांनी बजावलं की सयाजी सांगून गेलाय, एकही नाव गाळायचं नाही. म्हटलं बरं. पण ज्या नावाचं यंत्र हाकेला ओ देत नाही ते नाव मेलेलंच की. असला कचरा कोण भरत बसणार? प्रोग्रॅमलाच चाळण लावली. सर्व्हरवर चालवून दिला, लॅपटॉप मिटला आणि मिसळ हाणून आलो. आल्यावर जुन्या फायली पुसून टाकल्या. मोकळं वाटलं.

५ नोव्हेंबर
दुपारचा चहा आला नाही. बघतो तर शालूबाईंना गेटवर अडवलेलं. वॉचमन म्हणतो, ओळखत न्हाय. दादांना सांगितलं, तर म्हणाले, आपल्याकडं चहाला बाई कधीच नव्हती. थट्टा म्हणावी तर तोंडावर हसू नाही. बाई गेट धरून एकेकाला नावानं हाका मारत होत्या. मी उगाच आत निघून आलो.

६ नोव्हेंबर
गेटवर एक म्हातारी रडत बसलीय. मला नावानं हाक मारली. मी हिला कुठनं ओळखणार?

संध्याकाळी ही वही चाळली. शालूबाई, शालूबाई. अक्षर माझंच. कोण ही? चेहराच आठवत नाही.

गाळलेली नावं काढून बघितली. शालूबाई आहे. खाली शशिधर. म्हणजे मी. जेवायला जाताना लॅपटॉप मिटलेला, ओ कोण देणार?

ऑफिसला कुलूप लागलंय. माझे तीन दिवस उद्या दुपारी भरतात, तोवर वेळ आहे. सकाळी आधी दोन्ही नावं घालायची.

७ नोव्हेंबर
शिवांजलीशी बोललो. मोना वाट बघतेय, लवकर न्यायला ये म्हणाली. बरं वाटलं.

लॉगिन होत नाही. या नावाचा कुणी नाहीच म्हणतंय. माणसांआधी मशीन विसरलं. दादा मलकापूरला गेलेत, फोन लागत नाही. ते आले की त्यांच्या हातानं —

आले. माझ्याकडं बघितलं आणि वॉचमनला झापलं, ह्याला आत कुणी सोडलं म्हणून.

गेटवर म्हातारी होती. तिनंही आज हाक मारली नाही.

शिवांजली फोन उचलत नाही. सकाळीच तर — एसटी धरली.

नेसरी
घर माझंच. दारात शिवांजली, मोना तिच्यामागं. हाक मारली. ओळखच नाही डोळ्यांत. पाण्याचा तांब्या दिला, म्हणाली, घरात पुरुषमाणूस न्हाय, पावणं, कट्ट्यावरच बसा.

मोना आईला विचारतेय, हा मामा का रडतोय —

कट्ट्यावर बसून लिहितोय.

दार लावून घेत होती. थांबली. कुणाकडचं म्हणाली, नाव काय तुमचं. सांगायला तोंड उघडलं.

मी —