सल्ला केंद्राचं घर आणि एक चुकलेली नोंद

मी, सगुणाबाई राधाकिसन सोळंके, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार हसनाबाद, तालुका भोकरदन, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. दडपण कोणाचंही नाही. माझ्यावर दडपण आणणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

१. माझं लग्न १९५३ साली झालं. पहिल्या दिवाळीला माहेरी आले, ती आलेच. न्यायला कोणी फिरकलं नाही. म्हणून वडिलांचंच नाव लावते. सासरकडचं कोणी हक्क सांगायला आलं, तर आधी उशिराचं कारण विचारावं.

२. भिंतीवरचं घड्याळ थोरले बंधू अप्पाराव यांना. मी दारात उभी राहिले की ते म्हणायचे, "येतील की गं. जल्दी काय हाय?" घड्याळ रोज वीस मिनिटं मागे पडतं. दोघांचं छान जमेल.

३. तांब्याचा बंब शेजारच्या उषाबाईंना. एका लग्नासाठी म्हणून आठ वर्षांपूर्वी नेला, ते लग्न अजून उरकलेलं दिसत नाही. माझ्या पश्चात तो कोणी परत मागू नये.

४. आता मुख्य गोष्ट. १९८६ पासून घराच्या पुढच्या खोलीत मी कुटुंब सल्ला केंद्र चालवलं. पुष्कळ संसार सावरले, आणि हे मी फुशारकीनेच लिहिते. पण समोर एखादीचा नवरा येऊन बसला की मला माझी ती दिवाळी आठवायची. बाईचं गाऱ्हाणं मी दोन दोन तास ऐकायची. पुरुषाने तोंड उघडलं की लगेच पेन उचलायची. जालन्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, आपलं दुखणं दाराबाहेर ठेवून खोलीत बसा. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि दुखणं मांडीवर घेऊनच बसले.

५. १९९१ साली बेबीनंदा आली. माहेर धावडा, सासर इथलंच. नवरा कारभारी, मेंढ्या राखणारा, चार शब्दांना अर्धा तास लावणारा. त्याला एकट्याला आत घेऊन मी विचारलं, "बायकोला न्यायला का गेला नाहीस?" तो म्हणाला, "मी गेल्तो न्हाई..." मी तिथेच हात वर केला. वहीत लिहिलं, ‘न्यायला गेलो नव्हतो असे स्वतः कबूल.’ बेबीनंदाला सांगितलं, असल्या माणसाची वाट पाहू नकोस.

ती तीन वर्षं माहेरी राहिली. मग भोकरदनच्या बाजारात दोघांची गाठ पडली आणि माझ्या मदतीशिवाय ती नांदायला गेली. गेल्या वर्षी कारभारीने बोलता बोलता मला त्या वाक्याचा उरलेला भाग सांगितला: "मी गेल्तो न्हाई का दोनदा? मेव्हण्यायनी शिवेवरूनच वापस लावलं." त्या एका ‘का’पुरता दम मला निघाला नव्हता. बेबीनंदा अजून त्याला टोमणा मारते, "बाईसमोर तर कबूल केलं व्हतं!" तो नुसता माझ्याकडे बघतो. माहीत असूनही वर्षभर मी तिला खरं सांगितलं नाही. याची मला लाज वाटते.

६. घर आणि केंद्र मी बेबीनंदाला देते. चार वर्षं ती माझ्यासोबत काम करते आहे. तिने मला माफ करावं ही अट नाही. नाही केलं तरी घर तिचंच. एवढंच सांगते, की समोर कोणा बाईचा भाऊ बसला की भावांकडे काढलेली ती तीन वर्षं आठवून तिचाही आवाज चढतो. मी भिंतीआडून ऐकलं आहे. दुखणं जात नसतं, पण माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत पेन खाली ठेवता येतं.

७. सगळ्या नोंदवह्या जाळाव्यात. लोकांची गाऱ्हाणी वारसाला मिळत नसतात. १९९१ ची ती नोंद मी लाल शाईने दुरुस्त करून खाली सही केली आहे.

८. हे कलम आज वाढवलं. मेल्यावर माफी मागणं पळपुटेपणाचं वाटलं, म्हणून सहीआधी दोघांना बोलावून सगळं वाचून दाखवलं. कारभारी म्हणाला, "बाई, तुमी इतकं ठासून लिहिल्तं, मलाच वाटाया लागलं, मी गेल्तोच न्हाई." बेबीनंदा उठून परसात निघून गेली. आता ती घर घेणार नाही, असं मी धरून चालले.

बऱ्याच वेळाने ती तोंड धुऊन आली, कारभारीच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर बसवलं आणि माझ्यासमोर बसली. "बाई, त्या दिवाळीला काय झाल्तं? सांगा, मी ऐकून राह्यले."

सेहेचाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, रडले, चुकलं ते पुन्हा सांगितलं. दुपार कलली. तिने मला एकदाही मधे तोडलं नाही. घर बराबर माणसाच्या हाती जातं आहे, तेव्हा खाली सही करते.

सही: सगुणाबाई राधाकिसन सोळंके

आमच्यादेखत सही केली. सही करताना बाई हसत होत्या:
१. बद्रीनाथ मच्छिंद्र गाढे (सही)
२. जयवंताबाई त्रिंबक खरात (डाव्या हाताचा अंगठा)

हसनाबाद, दि. १२ ऑगस्ट १९९९