डावीकडची सीट

हॅलिफॅक्स,
रविवार, २२ जुलै १९७९

प्रिय क्लिफ,

फोन केला की एडना म्हणते, "अगं, तो बागेत आहे." पाच आठवडे हेच चाललंय. तुझ्या बहिणीची बाग आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी, आणि तू तीत असा काही हरवतोस की हाक मारूनही सापडत नाहीस! म्हणून पत्र लिहिते आहे. पोस्टमनला काही ती बागेचं कारण सांगायची नाही.

तुझं कार्ड मिळालं. पुढे व्हिटबीचा समुद्र, मागे दोन ओळी: "फ्रान्सचं रद्द कर. मी सामान म्हणून येणार नाही." उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. रद्द करणार नाही. चार ऑगस्टला साउथॅम्प्टनहून बोट सुटते. तीत आपली गाडी चढणार, गाडीमागे जोडलेलं आपलं चाकांवरचं घर, ती कॅरॅव्हन, चढणार, आणि गाडी मी चालवणार. हसलास ना? हस खुशाल. सगळी गल्ली हसून दमली आहे.

तू गेल्यापासून दर रविवारी, प्रार्थना संपून माणसं घरी गेली की चॅपेलमागच्या पटांगणात माझी शाळा भरते. मास्तर म्हणजे पलीकडचे मिस्टर हेंशॉ. पुढे जाणं सोपं आहे रे, कॅरॅव्हन गरीब गाईसारखी मागे येते. रिव्हर्स घेतला की मात्र तिच्या अंगात येतं. ती डावीकडे जायला हवी असेल तर चाक उजवीकडे फिरवायचं, हे बावीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाच्या बायकोला कुणी सांगितलंच नव्हतं! पहिल्या रविवारी गाडी आणि कॅरॅव्हन एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुंपणाशी पाइप ओढत उभ्या असलेल्या प्रत्येकाने एकेक सल्ला दिला, आणि प्रत्येकाचा वेगळा. "बेरिल, तिला बोटीत उलटीच चढवणार आहेस का गं?" हे कोण म्हणालं असेल ते तू ओळखशीलच. चौथ्या रविवारी मी ती दोन कचऱ्याच्या डब्यांच्या मधून एका दमात मागे घेतली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हेंशॉंनी तोंडातला पाइप काढला आणि म्हणाले, "हं. चालेल." आपल्या गावात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

मग सामान. तुझ्या आईला वाटतं फ्रान्समध्ये माणसं उपाशी राहतात. बीन्सचे डबे, चहा, मार्मलेड, शिवाय ग्रेव्हीची पावडर, सगळं पेटी भरून पाठवलं, आणि मी शहाणीने ते सगळं कॅरॅव्हनच्या पुढच्या कप्प्यात कोंबलं. पुस्तकात लिहिलंय की कॅरॅव्हन गाडीला जोडायच्या दांड्यावर साधारण आपल्या पोरीएवढं, जिलएवढं वजन पडलं पाहिजे. न्हाणीघरातला वजनकाटा आणून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, दांडा टेकवला, तर काटा थेट एडनापाशी जाऊन थांबला! तिला सांगू नकोस. निम्मे डबे उतरवले, उरलेले चाकांच्या वर ठेवले, तेव्हा कुठे जिलचं वजन आलं. आईंना कळवलं नाहीये.

फ्रान्समध्ये गाडीचे दिवे पिवळे लागतात, तो रंग मुलांनीच दिला. थोडा दिव्यांना, बाकी ॲड्रियनच्या केसांना. तो परवा कॅरॅव्हनच्या दारात बसला होता, तिथूनच म्हणाला, "आई, तिकडे आपण रस्त्याच्या उजवीकडून जाणार ना? मग हे दार फुटपाथवर नाही उघडणार, गाड्यांमध्ये उघडेल!" नऊ वर्षांच्या पोराला सुचलं ते मला सुचलं नव्हतं. आता दाराला आतून वर एक कडी लावली आहे, माझ्याच हाताने. स्क्रू जरा वाकडा बसलाय.

स्वयंपाकघराच्या दारामागचा तुझा नकाशा मी काढलेला नाही. तीन हिवाळे तू लाल पेन्सिलीने रस्ता आखत होतास, शेरबुर्गच्या बंदरापासून समुद्राकाठच्या त्या तंबूंच्या मैदानापर्यंत. पेन्सिलीची रेघ जिथे थांबते तिथे मार्चमधला तो मंगळवार आहे. तू किटली हातात घेऊन पडलास, आणि मला वाटलं तू गेलास. दुसऱ्यांदा डेपोत पडलास तेव्हा डॉक्टरांनी फिट येण्याच्या या आजाराचं नाव सांगितलं. निदान तीन वर्षं गाडी नाही, बस तर कायमची नाही. लायसन्स परत पाठवायचं पाकीट तू स्वतः चिकटवलंस, पण पत्रपेटीपाशी तुझा हात काही पुढे होईना. ते मी टाकलं. तेव्हापासून तू माझ्याकडे असा बघतोस जणू तुझी गाडी मीच काढून घेतली. त्याचा मला राग आला होता, क्लिफ. अजून थोडा आहे.

आता आज काय झालं ते सांगते. गेल्या आठवड्यात हेंशॉंनी विचारलं, "तिकडे डावीकडे कोण बसणार?" ते युद्धात फ्रान्समध्ये लॉरी चालवत होते. मी म्हटलं, जिल बसेल, त्यात काय! तर म्हणाले, "बघ बाई. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. तिकडे तू बसणार रस्त्याच्या कडेला. पुढे लॉरी आली की तिच्या पाठीशिवाय तुला काही दिसायचं नाही. समोरून कोण येतंय ते दिसणार फक्त डावीकडच्या माणसाला." म्हणून आज त्यांनी दूधवाल्याची व्हॅन पटांगणात मधोमध लावली. मी तिच्यामागे, जिल माझ्या डावीकडे, आणि ॲड्रियन सायकलवरून समोरून येणारी फ्रेंच मोटार. दोनदा नीट जमलं. तिसऱ्यांदा जिल म्हणाली "जा!", मी निघाले, आणि ॲड्रियन समोर! मी ब्रेकवर उभीच राहिले. तो कुंपणाच्या झुडपात घुसला. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही, उलट पुन्हा करूया म्हणत होता. पण जिल रडायला लागली. म्हणाली, "मला नाही कळत गं आई, किती लांब आहे आणि किती जोरात येतंय. बाबांना कळतं."

मी चॅपेलच्या पायरीवर बसले. हेंशॉ म्हणाले, "यंदा राहू दे, बेरिल." तिथे बसल्या बसल्याच ठरवलं की घरी जाऊन तुला पत्र लिहायचं.

सामान मला नकोच आहे. ते जास्तच झालं होतं, मी उतरवून ठेवलंय. मला डोळे हवेत. बावीस वर्षं समोरून येणारी प्रत्येक गाडी ज्यांनी नुसत्या नजरेने मोजली, ते. तुला वाटतं आता गाडीत तुझी जागा उरली नाही. इथे नसेल. पण समुद्र ओलांडला की त्या सीटवाचून मी आंधळी आहे. आणि तुझ्या मनात आत्ता काय आलं तेही मला ठाऊक आहे: "मध्येच मला फिट आली तर?" तर तुझा आवाज येणार नाही. तुझा आवाज आल्याशिवाय मी लॉरीच्या मागून हलणार नाही, मग त्या मैदानावर पोचायला आठवडा लागला तरी चालेल. पुढच्या रविवारी गाडीला कॅरॅव्हन जोडून मी व्हिटबीला येते आहे. एडनाची गल्ली अरुंद आहे, शेवटपर्यंत उलटंच यावं लागेल. मी येईन. तू बागेत असलास तर हॉर्न ऐकू येईल. एकदाच वाजवीन, आणि डावीकडचं दार उघडून ठेवीन.

वाट बघणारी, पण थांबून न राहणारी, तुझीच
बेरिल