डावी बाजू शागिर्दाची

३ नोव्हेंबर, सोमवार

मानेसरच्या यार्डात पहिला दिवस. गाडी चालवली शून्य. आठ तास डाव्या सीटवर बसून ओरडले. घसा बसलाय.

चार वर्षं गुरुग्राममध्ये कॅब चालवली, तेव्हा वाटलं होतं ट्रक म्हणजे तीच गाडी, फक्त लांब. बिल्कुल नाही. दहा चाकं. आत शिरायलाच तीन पायऱ्या चढाव्या लागतात. तीन उस्तादांनी मला शिकवायला सरळ नकार दिला. एक म्हणाला, "मैडम लोग रो देती हैं." त्याला रडवायची फार इच्छा झाली होती. चौथे धर्मपाल. पानिपतकडच्या गावचे, साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशा. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज ऊंची है?" म्हटलं, आहे. "तो आ जा छोरी."

आवाज कशाला, ते कळलंच.

५ नोव्हेंबर

उस्तादांचे नियम. (पत्र्यावर थापा मारून हात सुजलाय, यापुढे नुसतं उ.) डावी काच कायम खाली. थंडी असो, धूळ असो, डोकं बाहेर. डावीकडे मोकळं असेल तर 'खाली' ओरडायचं. सायकल, बाइक, माणूस, कुत्रा, जे असेल त्याचं नाव घ्यायचं. दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि गप्प बसायचं नाही. मी दोन मिनिटं गप्प बसले तर भर रस्त्यात गाडी उभी केली त्यांनी. मागे हॉर्नचा गोंधळ. "शागिर्द चुप, तो गाड़ी बंद. चालीस दिन बायां तेरा." बायां म्हणजे डावी बाजू, ती माझी.

चाळीस दिवसांच्या चाळीस सह्या. त्या झाल्या की हेवी लायसन्सच्या टेस्टला नाव पाठवतात, आणि पास झाले की कंपनीची गाडी. गाडी रस्त्यावर निघेल त्या दिवशी एक सही, उ. देणार.

आईला म्हटलं, ओरडण्याची नोकरी आहे. आई म्हणाली, "मग त्याला ट्रेनिंग कशाला हवं तुला?"

१२ नोव्हेंबर

आज स्टिअरिंग हातात! यार्डातच, पण दिलं. आधी ब्रेकची हवा भरू द्यायची, मीटरचा काटा वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, नाहीतर ब्रेक लागणार नाहीत. वर बसलं की सगळं जग खाली दिसतं. खरं सांगायचं तर मी हसत सुटले होते. उ. पण हसले.

मग त्यांनी वळणाच्या कोपऱ्यावर तेलाचा रिकामा डबा ठेवला. "बाएं मोड़." मी वळवली. पुढचं चाक डब्यापासून हातभर लांबून गेलं. मी खूश. मग मागून आवाज आला. मागची चाकं आतून कापत येतात. डबा पापडासारखा चपटा.

उ. शांतपणे म्हणाले, "यह आदमी था."

तो डबा आता केबिनमध्ये आरशाखाली टांगलाय. नको म्हटलं तरी.

१९ नोव्हेंबर

चहाच्या टपरीवर बाकीचे शागीर्द चिडवतात. "आ गया धर्मपाल का रेडियो." त्यांना एवढं ओरडावं लागत नाही, फक्त गाडी मागे घेताना. "शीशा किसलिए लगा है फिर?" मी म्हटलं, माझे उस्ताद कडक आहेत, तुमचे झोपाळू. भांडण जिंकले.

पण एक गोष्ट मनातून जात नाहीये. उ. रोज सकाळी उजवा आरसा स्वतःच्या गमछ्याने पुसतात, अगदी प्रेमाने. डाव्यावर धुळीचा थर. आज मी पुसायला गेले तर म्हणाले, "रहने दे, तू है ना."

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी. बाबांना चिवड्याची वाटी दिली, डावीकडून. त्यांनी अख्खी मान वळवली, खांद्यासकट, मग हात पुढे केला. बाबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला, रिटायर व्हायच्या आधीच. आमच्याकडे सगळे आपोआप त्यांच्या उजवीकडे बसतात, आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्या आलं. अशीच मान रोज बघते मी. आठ तास.

नाही, असं नसेल.

२५ नोव्हेंबर

आज मुद्दाम केलं. टपरीवर उ. बाकावर बसले होते. त्यांच्या डाव्या बाजूने गेले, काही न बोलता चहाचा ग्लास पुढे धरला, वीतभर अंतरावर. वाफ निघत होती. ते समोर बघत बसले. मी धरून उभी. बोटं भाजली.

थोड्या वेळाने म्हणाले, "छोरी कहां रह गई, चाय नहीं लाई?"

१ डिसेंबर

कुणाला सांगितलं नाही.

चोवीस सह्या बाकी. हे एक कारण, आणि खोटं कशाला बोलू, पहिलं कारण तेच आहे. दुसरं म्हणजे उ. वाईट ड्रायव्हर नाहीत. अठ्ठावीस वर्षांत एक ओरखडा नाही, यार्डात सगळे मानतात. शागीर्द नसेल त्या दिवशी ते गाडी काढतच नाहीत. ताप, पाठ, काहीतरी निघतं. डोळ्यांचा दाखला दर वर्षी येतो, कुठून येतो ते विचारायचं नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत त्यांची. मी बोलले तर त्या दिवशीच घरी बसवतील.

आणि तीन जणांनी हाकललेल्या बाईला ज्याने शिकवलं, त्याच्यावर मीच बोट दाखवायचं? छे.

मी नीट ओरडते, तोवर काही होणार नाही. एवढंच करायचं. नीट ओरडायचं.

९ डिसेंबर

लिहायचं नाहीये, पण लिहिते.

सकाळी दाट धुकं. कारखान्यांचा मागचा रस्ता, शिफ्टची वेळ, सायकलींची रांग. मी डोकं बाहेर काढून 'खाली, खाली' म्हणत होते. महिन्याभरात ते तोंडात इतकं बसलंय की श्वास घ्यावा तसं निघतं. नाकावर पाणी साचलं होतं, ते पुसायला मी मान आत घेतली. तोंड चालूच होतं. खाली.

उ.नी वळवली.

एक माणूस ओरडला. मी एक थाप मारली, दोन्ही हातांनी मारली. गाडी थांबली. सायकल मागच्या चाकाखाली, माणूस भिंतीला चिकटून उभा, बूट एकच पायात. दुसरा बूट चाकाला लागून. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. काही नाही! वीतभर.

तो आम्हाला शिव्यासुद्धा देत नव्हता. नुसता त्या बुटाकडे बघत होता.

उ. खाली उतरले, वळसा घालून आले, बघितलं. मग माझ्याकडे. रागावले नाहीत. खरंच कळत नसल्यासारखं म्हणाले, "तूने तो खाली बोला था."

१० डिसेंबर

यार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'शागिर्द की गलती'. मी सही केली. चूक माझी होतीच. पण सगळी माझी?

दुपारी गाडीत दोघंच होतो. मी विचारलं, उस्ताद, डावा डोळा कधीपासून? काटा वर चढताना बघत राहिले. मग म्हणाले, "तीन साल. पहले धुंधला था, फिर गया." मग म्हणाले, "पर बायां तो शागिर्द का होता है, छोरी. हमेशा से. मैंने भी अपने उस्ताद का बायां देखा है."

म्हटलं, काल आपण माणूस मारला असता.

"तूने गर्दन अंदर ली थी."

उतरताना त्यांनी सहीचं पुस्तक मागितलं. चोविसावी सही.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांना सांगितलं. आईला नाही, ती उद्यापासून मला पाठवणारच नाही.

बाबा म्हणाले, "मी शेवटचं दीड वर्ष ऑफिसात लपवलं होतं. मेडिकल बोर्डासमोर पाठवतील म्हणून. अर्ध्या ओळी वाचायचो, अर्ध्या अंदाजाने." मला हे माहीतच नव्हतं! मी म्हटलं, मग तुम्हाला कळेल त्यांचं.

"कळतं ना. म्हणूनच सांगतो. मी फाईली हाकत होतो, मनू. फाईलखाली कुणी येत नाही."

मग म्हणाले की डोळा गेलेल्याला अंधार दिसत नाही. त्याला वाटतं, तिकडे काही नाहीच.



३१ डिसेंबर

चाळिसावी सही परवाच झाली. काल टेस्ट, पास! कंपनीची गाडी मिळणार, दोन तारखेपासून. आईने शिरा केला, बाबांनी दोन्ही आत्यांना फोन करून सांगितलं. 'ट्रान्सपोर्टमध्ये' म्हणाले, ट्रक म्हणाले नाहीत. चलो, तेही कमी नाही.

उ.च्या पाया पडले. त्यांनी पिशवीतून नवा पिवळा कपडा काढून दिला. "शीशे पोंछने का. दोनों पोंछना. रोज."

दोनों. माझ्याकडे बघून म्हणाले. मी रडले, लाज वाटली नाही. त्या मैडम-वाल्याने बघितलं असेल तर बघो.

त्यांचा नवा शागीर्दही आज आला. सतबीर, चाळिशीचा, ट्रॅक्टर चालवायचा. मी समजावलं, सतत बोलायचं, एक थाप थांब, दोन थाप चल. तो मान हलवत होता. तोंडात गुटखा. काही विचारलं की हनुवटी वर करतो, 'हूं' करतो, थुंकायला लागू नये म्हणून बोलत नाही. दिवसभरात तीन शब्द ऐकले मी त्याचे.

उ. म्हणाले, "सीख जाएगा."

१ जानेवारी

रात्रभर विचार करून अर्ज लिहिला. चार ओळी, उ.च्या डाव्या डोळ्याबद्दल. सकाळी यार्ड मॅनेजर वर्मांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. दार लावून घेतलं.

"मैडम, आपकी चालीस साइन किसकी हैं?"

धर्मपालजींच्या.

"जिसको दिखता नहीं, उसकी साइन चलेगी? फिर आपकी ट्रेनिंग भी कैंसल, टेस्ट भी. गाड़ी किसी और को. और सायकल वाला केस? उसमें तो आपकी गलती लिखी है, आपकी साइन के साथ." आवाज चढवलाच नाही त्यांनी. कागद माझ्याकडे सरकवला. "धुंध का टाइम है, गाड़ियां पूरी चाहिए. सोच लो. सोमवार को बात करते हैं."

मी कागद उचलला. घडी घातली. खिशात ठेवला आणि बाहेर आले.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

बाबांनी विचारलं, दिलास का अर्ज? मी हो म्हणाले. दिला होता ना.

२ जानेवारी, शुक्रवार

माझी पहिली फेरी. पानिपत. गाडीत बसून लिहितेय, वही स्टिअरिंगवर. गेट पासवर शिक्का मारणारा माणूस आलेला नाही, वीस मिनिटं सगळ्या गाड्या रांगेत उभ्या. सकाळचे पावणेनऊ, तरी पंधरा पावलांपुढचं दिसत नाही. दोन्ही आरसे पुसले. डावी सीट रिकामी आहे, आणि मी मघापासून एकटीच 'खाली' म्हणतेय. वेड लागलंय.

पुढची गाडी उ.ची. मागचे लाल दिवे तेवढे दिसतात. मघाशी उतरून पुढे जाऊन बघून आले. सतबीरची काच वर. पूर्ण वर, आतून वाफ धरलेली. मी टकटक केली, बोटाने 'खाली कर' खूण केली. त्याने हनुवटी वर केली, 'हूं'. दोन बोटं काच खाली आली, थंडी लागली, परत वर गेली. उ. सरळ समोर बघत होते. मी डावीकडे उभी होते.

गेटबाहेर लगेच डावं वळण. भिंत. नऊची शिफ्ट. सायकलींच्या घंटा ऐकू येतायत, सायकली दिसत नाहीत.

सोमवार को बात करते हैं.

शिक्केवाला आला वाटतं. हो, आला. उ.च्या गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला. मी हॉर्न दिला, लांब. मागच्यांनीही दिले, पुढच्यांनीही दिले. धुक्यात सगळेच देतात, त्याचा काय उपयोग.

अर्ज खिशात आहे. माझी गाडी इथे सोडली तर आजच ती दुसऱ्याला जाईल, वर्मा केबिनच्या खिडकीतून बघतायत. जाऊ दे. पंधरा पावलं आहेत. त्यांच्या डाव्या दारावर एक थाप मारायची, जोरात. थांब म्हणजे थांब, ती त्यांना अजून ओळखू येते.

ब्रेक ओढला. किल्ली काढली. त्यांचे लाल दिवे हललेत.

उतरते.