तपासला असता आढळून आले

२४ सप्टेंबर, जिंतूर
वन्यजीव सप्ताहाच्या भित्तिपत्रकाचा मसुदा अर्चनाने तपासायला पाठवला. ती आता वनपाल. एके काळी माझ्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसे आणि ‘पेशी’तला ‘शी’ ऱ्हस्व लिही. शुद्धलेखनाच्या (शु.ले.) चौदा चुका. पंधरावी ज्ञानाची: ‘देवघरात पुजली जाणारी हातजोडी ही मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे.’ लाल शाईने खोडले. समासात लिहिले, ही वनस्पतीच आहे. जनजागृतीसाठी शास्त्राशी खेळू नये.

२५ सप्टें.
अर्चनाचा फोन. ‘मॅडम, चौदा दुरुस्त्या केल्या. पंधरावी तेवढी राहू द्या. तुमी कधी कापून पाहिलीय का हातजोडी?’
उद्धटपणा. फोन ठेवला.
पाहिली नाही.

२६ सप्टें.
कपाटात एक डबी होती. बाजारपेठेतले पूजासाहित्याचे दुकानदार मन्मथअप्पा यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी भेट दिलेली. शेंदूर, दोन लवंगा, आणि मधोमध ते, दोन हात जोडल्यासारखे. अंधश्रद्धा म्हणून कधी पुजली नाही. शास्त्र म्हणून कधी तपासली नाही.
आज भिजवून पातळ काप घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशीभित्तिका नाहीत. काष्ठवाहिन्या नाहीत. आणखी दोन काप घेतले. नाहीत. एक कण ज्योतीवर धरला तर जळक्या केसांसारखा वास. खिडक्या उघडल्या.
अर्चनाला फोन करायला दुपार झाली. तिने ‘बरं मॅडम’ एवढेच म्हटले. त्यापेक्षा बोलली असती तर बरे होते.

२७ सप्टें.
अप्पांचे दुकान. ‘या बाई, लय दिवसांनी वाट चुकलात.’ त्यांच्या डोक्यामागे चौकटीत माझी चिठ्ठी, डबी भेट दिली तेव्हा मागून घेतलेली. महाविद्यालयाचा शिक्का, माझे अक्षर: ‘सदर नमुना तपासला असता तो वनस्पतीचे मूळ असल्याचे आढळून आले.’ खाली सही. शु.ले. निर्दोष.
तपासला नव्हता. हातात घेतला, उलटसुलट केला, मागे गिऱ्हाईक ताटकळले होते.
अप्पांना सांगितले. नेमका शब्द त्यांच्यापुढे उच्चारवेना; ‘घोरपडीच्या शरीराचा भाग’ म्हणाले. ते हसले. ‘चेष्टा करायलाव का बाई? आमच्यात अंडं बी उंबऱ्याच्या आत येत न्हाई.’ मग माझा चेहरा पाहिला. हात सवयीने गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि मध्येच थांबला. उठून हात धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज.
परत आले ते वेगळेच बोलले. ‘लेकीच्या रुखवतात दिली मी एक. राणीसावरगावला रोज पुजायलीय ती.’

२८ सप्टें.
दुकानातल्या उरलेल्या डब्या अर्चनाने ताब्यात घेतल्या. एक फिरता माणूस ‘जंगलातली मुळी’ म्हणून आणून देई. त्याचा माग काढायचा आहे. अप्पांवर गुन्हा नोंदवायचा का, ते तिचे वरिष्ठ ठरवतील. ‘पंचनाम्यात चिठ्ठीबी येईल, मॅडम.’ येऊ दे, मी म्हणाले.
अप्पांनी गुन्ह्याविषयी काही विचारले नाही. विचारले ते, ‘इकलेल्या डब्यांचं काय? वालूरच्या बाजारात तुमची चिठ्ठी लावून मीच घेऊन बसायचो. आता मी सांगितलं तर म्हणतेल, अप्पाला येड लागलं. तुमी चला. लोकांनी मुळी घेतलीच न्हाई बाई. तुमची सही घेतली.’

३० सप्टें.
वालूरच्या भाषणाचा मसुदा. ‘हातजोडीविषयी काही गैरसमज पसरले.’ कोणी पसरवले? खोडले. ‘ती अनवधानाने मूळ समजली गेली.’ खोडले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना असेच लिहायला शिकवले: द्रावण तापवले गेले, निरीक्षण नोंदवले गेले. कर्त्याला लपायला केवढी ऐसपैस जागा.
दर डबीमागे एक नर मारलेला. अप्पा मनातल्या मनात गावे मोजतात, मी घोरपडी. लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर एक ऊन खात पडलेली असे. चाहूल लागली की कपारीत. अलीकडे कित्येक वर्षांत दिसली नाही. बघायला तरी कुठे गेले?
रात्री वाक्य जमले: ‘मी न तपासता सही केली.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष. तरी दोनदा खोडून पुन्हा लिहिले.

४ ऑक्टो.
वालूर. मंदिरासमोरच्या मंडपात गर्दी बरी होती. भित्तिपत्रक बांधले होते, एकही चूक नाही, मी खोडलेले ते घोरपडीचे वाक्यही जसेच्या तसे. वाक्य म्हटले. मी, न तपासता, सही केली. मागे कोणीतरी खाकरले. अप्पा माझ्या शेजारी हात जोडून उभे. ती मुद्रा आज बघवेना.
चार डब्या अर्चनाच्या टेबलावर आल्या. एक आजी पदराखाली डबी धरून पुढे आल्या, पण ठेवली नाही. ‘तवाबी तूच सांगितलंस मुळी हाय म्हणून. आज तूच म्हणायलीस न्हाई म्हणून. आता कोणतं खरं धरू, माय?’
तेव्हा पाहिले नव्हते, आता पाहिले आहे, म्हणाले.
‘तू पाहिलंस. मी कुठं पाहिलं?’
आणि डबी पदराआड घेऊन गेल्या. राग नव्हता त्यांना. प्रश्न होता, आणि माझ्या वर्गात एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. विचारू दिला होता का?

५ ऑक्टो.
सूक्ष्मदर्शक पुसला. काचपट्ट्या दोन: एक त्या कापाची, एक अंगणातल्या शतावरीच्या मुळीची. शेजारी शेजारी ठेवल्या की शब्द लागू नयेत. पेटी मांडीवर घेऊन पाहिली, एसटीत मावेल.
उद्या सकाळच्या गाडीने अप्पांबरोबर राणीसावरगाव. लेकीला फोनवर काय सांगितलेत, विचारले.
‘बाई यायल्यात, एवढंच सांगितलं. ती म्हणली, बाईंना हातजोडीचं दर्शन करवते.’