बाईंच्या नावापुढे अकरा

२ मार्च, सोमवार

संपले एकदाचे गठ्ठे! एकोणतीस डॉक्टर, एकोणतीस फायली. दर दोन वर्षांनी हेच — नोंदणीचा दाखला चालू आहे का, सहकाऱ्यांची पत्रं खरी आहेत का, शस्त्रक्रिया किती केल्या, बिघडल्या किती. सगळं जुळलं तरच पुढची दोन वर्षं आमच्या इस्पितळात ऑपरेशन करायची परवानगी. दादा सगळीकडे सांगत सुटतो, "आमची धाकटी डॉक्टरांची प्रगतिपुस्तकं तपासते!"

मोठ्या सर्जनसाहेबांच्या नावापुढे बिघाड शून्य. याही खेपेला! थिएटरात त्यांना शून्यसाहेबच म्हणतात. आणि तरुण डॉक्टरबाईंच्या नावापुढे अकरा. बाकी कुणाचे दोनाच्या वर नाहीत. तीनदा मोजले.

४ मार्च

परवानगी देणाऱ्या समितीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, "अकरा म्हणजे अतिच झालं. बाईंची परवानगी थांबवा. पत्र तयार करा." पाच मिनिटांत विषय संपला. बाईंना बोलावलंसुद्धा नाही.

घरी आल्या आल्या दादाला फोन. त्याच्या आतड्यातली गाठ काढायचीय, आणि तारीख घेतलेली नेमकी बाईंकडे! कारण सांगता येईना — बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही. नुसतं म्हटलं, "माझं ऐक, साहेबांकडे जा." वहिनी कुरकुरली, "त्या बाई किती नीट समजावून सांगतात गं." मी हट्टच धरून बसले.

९ मार्च

दादाचं ऑपरेशन झालं. दोन तासांत! साहेब बाहेर येऊन मला नि वहिनीला म्हणाले, "एकदम छान. तुम्ही घरी जा आता." जीव भांड्यात पडला.

११ मार्च

पत्रावर अध्यक्षांची सही झाली. शुक्रवारी बाईंच्या हातात द्यायचं.

दुपारी थिएटरची सिस्टर रजिस्टर घेऊन आली. टेबलावरचा बिघाडांचा तक्ता तिच्या नजरेस पडला. "अकरा? अहो मॅडम, हे सगळे पुन्हा उघडलेले पेशंट! साहेब टाके घालतात नि जातात. मागनं काही बिघडलं की हाक बाईंनाच. दुसरं येतंय कोण?"

जुनी रजिस्टरं काढून बसले. अकरापैकी नऊ जणांचं पहिलं ऑपरेशन साहेबांचं! निस्तरलं बाईंनी. पण आमच्या तक्त्यात रकाना एकच — 'शस्त्रक्रिया करणारे'. पोट दुसऱ्यांदा उघडलं की संगणक पहिलं नाव पुसतो, दुसरं घालतो, आणि बिघाड त्या दुसऱ्या नावावर चढवतो.

हा एकच रकाना कुणी सुचवला? मी. चार वर्षांपूर्वी, काम सुटसुटीत व्हावं म्हणून. शाबासकी घेतली होती वर!

१२ मार्च

बोलले नाही. दादा साहेबांच्या वॉर्डात पडलाय, आत्ता त्यांच्याकडे बोट कसं दाखवू? — हे झालं सांगायला. खरं म्हणजे लाज वाटते. चार वर्षं प्रत्येक फायलीवर 'तपासले' लिहून खाली सही ठोकलीय.

१३ मार्च

पत्र ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. अध्यक्षांना सांगितलं, "बाई भेटल्या नाहीत." खोटं! जिन्यात समोरासमोर आल्या होत्या. "दादा कसे आहेत?" म्हणाल्या. त्यांचा पेशंट मी पळवला आणि चौकशी त्या करतात. मला मान वर करवेना.

१४ मार्च, शनिवार

सकाळी दादाला ताप. पोट फळीसारखं कडक. आतड्याचा जोड आतून सुटलाय. साहेब परगावी, फोन लागत नाही.

सिस्टरनं बाईंना बोलावलं. दहा मिनिटांत आल्या. वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे ना." आणि आत गेल्या. आम्ही तीन तास बाकावर. वहिनी माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला काय ठाऊक, कुणाचा हात धरलाय ते!

पत्र काल दिलं असतं तर बाईंना थिएटरच्या दारातच अडवलं असतं. मी काही धैर्य दाखवलं नाही. मी घाबरले, म्हणून दादा वाचला. फार रडले आज.

१५ मार्च

दादा शुद्धीवर. आवाज जेमतेम. "काय गं... बाईंना किती मार्क?"

मी ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसले.

१६ मार्च

अध्यक्षांच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. मांडीवर त्या नऊ जणांची जुनी रजिस्टरं, न दिलेलं पत्र आणि आजचा तक्ता. संगणकानं आपोआप बाईंच्या नावापुढे बारा केलेत. साहेबांचं शून्य जागच्या जागी.

बारावा माझा दादा आहे.