बांधावरच्या झाडाची परवानगी

मोताळा, मंगळवार, दिवेलागण

आज जमिनीचे दलाल भासरे शहरातला एक गिऱ्हाईक घेऊन आले. तो आमचं वावर विकत घेणार, मग मक्त्यानं, म्हंजे सालाच्या भाड्यानं, आम्हालेच कसाले देणार. "बदलन फक्त नाव," तो म्हणे. फक्त नाव! मी इचारलं, "बांधावर आंबा लावला तर?"

"आधी आम्हाले इचारा लागन."

स्वतःच्या बांधावर झाड लावाले परवानगी? माझं डोकंच फिरलं. मी सही करत नाही म्हटलं. तो माझ्या नवऱ्याले म्हणे, "बाईचं काय ऐकता?"

"वावर तिच्याबी नावावर हाये," हे हळूच बोलले. क्षणभर बरं वाटलं. मग विक्रीचा कागद पाह्यला. खाली यांची सही होती, भासरेंनी कालच येऊन घेतलेली. मले न इचारता! काऊन? कागद मी सगळ्यायच्या देखत फाडला. यांनी मान खाली घातली. घालू दे.